ऑफ-रोड इलेक्ट्रिक बाईकचा चढावरचा जोर वाढवताना : आधी कंट्रोलर, मग बॅटरी, मोटर सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे ६० व्होल्ट वर्गातील, मधोमध मोटर असलेली आणि चेनने मागचे चाक फिरवणारी ऑफ-रोड बाईक आहे. सपाटीवर ती छान पळते, पण उभ्या चढावर अर्ध्यातच ढेपाळते. म्हणून मोठी मोटर आणि जास्त अँपियरचा कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा भाग) एकदमच बसवावा, बॅटरी मात्र मूळचीच ठेवावी, असा तुमचा बेत आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की या बेतातील मोटरची खरेदी तूर्त थांबवावी, आधी फक्त कंट्रोलर बदलावा आणि तोही बॅटरीची मोजणी हाती आल्यावरच निवडावा. असे का, हे समजण्यासाठी चढावर बाईकमध्ये नेमके काय घडते ते पाहावे लागेल.

कंट्रोलरच्या माहितीपत्रकात करंटचे दोन आकडे असतात, एक बॅटरी करंटचा आणि दुसरा फेज करंटचा, आणि या विषयातील निम्म्याहून अधिक गोंधळ हे दोन्ही आकडे एकच समजल्यामुळे होतो. बॅटरी करंट म्हणजे बॅटरीतून कंट्रोलरकडे येणारा प्रवाह. फेज करंट म्हणजे कंट्रोलरमधून मोटरच्या तीन जाड तारांत जाणारा प्रवाह. मोटर हळू फिरत असते तेव्हा तिच्यात निर्माण होणारा विजेचा उलटा दाब कमी असतो, त्यामुळे तिला बॅटरीच्या व्होल्टेजचा एक लहानसा हिस्सा पुरतो आणि कंट्रोलर त्या प्रमाणात करंट वाढवून देतो. समजा मोटरला त्या क्षणी बॅटरीच्या व्होल्टेजचा पाचवा हिस्साच लागतो आहे, तर बॅटरीतून ४० अँपियर येत असताना मोटरच्या तारांतून, वाया जाणारी ऊर्जा बाजूला ठेवली तर, जवळजवळ २०० अँपियर वाहू शकतात. टॉर्क, म्हणजे मोटरचा फिरवण्याचा जोर, ठरतो तो या फेज करंटवर. म्हणून उभ्या चढावर, कमी वेगात, तुमची बाईक जिथे अडते तिथे बहुधा बॅटरी अपुरी पडत नसते. मूळ कंट्रोलरने फेज करंटवर घातलेली मर्यादा आड येत असते. उलट सपाटीवर ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे जोर कमी पडत असेल, तर तिथे बॅटरी करंट आणि व्होल्टेज यांचा प्रश्न असतो. तुमची तक्रार पहिल्या प्रकारची आहे, आणि म्हणूनच कंट्रोलर बदलल्याचा फरक तुम्हाला मूळ मोटरवरही ठळकपणे जाणवेल.

मात्र फेज करंट वाढवण्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. टॉर्क करंटच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांत, निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०० अँपियरवरून ३०० वर गेलात तर टॉर्क फार तर दीडपट होतो, कारण एका मर्यादेनंतर मोटरचे लोखंड संपृक्त होऊन वाढ मंदावते. उष्णता मात्र सव्वादोनपट होते. शिवाय तांबे तापले की त्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २५ अंशांवरून १२५ अंशांवर गेलेली वाइंडिंग त्याच करंटला जवळजवळ ३९ टक्के जास्त तापते. ही साखळी एकदा सुरू झाली की शेवटचे २०-३० अंश फार झपाट्याने चढतात.

मी एक मोटर अशीच घालवली आहे. तापमानाचा सेन्सर न जोडता, केवळ हाताला जाणवणाऱ्या आवरणाच्या गरमपणावर विसंबून, मी लांब चढावर तिला तिच्या कुवतीबाहेर चालवत राहिलो. आवरण बाहेरून हात टेकवता येईल इतपतच तापले होते. नंतर झाकण उघडले तेव्हा मधाच्या रंगाचे वार्निश काळपट तपकिरी झालेले होते आणि वाइंडिंगची टोके बांधणारा दोरा नखाने नुसता टोकरला तरी भुगा होऊन पडत होता. त्याआधीच एक खूण दिसली होती, पण मला ती वाचता आली नाही. चाक अधांतरी ठेवून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मोटर पूर्वीपेक्षा जास्त वेगाने फिरत होती आणि मला ती सुधारणा वाटली. वस्तुतः तापून चुंबकत्व काही प्रमाणात कायमचे गेले होते. चुंबक क्षीण झाले की रिकाम्या मोटरचे फेरे वाढतात आणि दर अँपियरमागे मिळणारा टॉर्क घटतो. म्हणून बदल करण्यापूर्वी पूर्ण चार्ज बॅटरीवर मोटरचे रिकामे फेरे मोजून लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तेवढी एक नोंद पुष्कळ काही सांगून जाते.

निओडिमियम चुंबकांच्या दर्जाप्रमाणे त्यांची तापमानाची मर्यादा बदलते. साधा दर्जा सुमारे ८० अंशांपर्यंत, एच दर्जा १२० पर्यंत, एसएच १५० पर्यंत आणि यूएच १८० पर्यंत टिकतो. मोटरमध्ये कोणता दर्जा वापरला आहे हे सहसा लिहिलेले नसते, त्यामुळे मी कंट्रोलरमध्ये वाइंडिंगचे तापमान ११० अंशांवर गेल्यापासून करंट कमी होऊ लागेल आणि १३० ला पूर्ण थांबेल अशी मांडणी करतो. ही मांडणी सेन्सरचा प्रकार बरोबर निवडला तरच कामाची ठरते. साध्या खोलीच्या तापमानाला सेन्सरच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजा : सुमारे १० किलोओहम आला तर तो एनटीसी प्रकारचा १० के सेन्सर असण्याची शक्यता मोठी, आणि सुमारे ६०० ओहम आला तर केटीवाय ८४. एनटीसीचा रोध तापल्यावर घटतो, केटीवायचा वाढतो. प्रकार चुकीचा निवडलात तर पडद्यावर जो आकडा दिसेल त्याचा वस्तुस्थितीशी काही संबंध नसेल.

आता बॅटरीकडे वळू, कारण कंट्रोलर कितीचा घ्यावा हे तीच ठरवते. ६० व्होल्टच्या पॅकमध्ये सहसा १६ सेल एका ओळीत असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ६७.२ व्होल्ट दाखवतो. त्याचा अंतर्गत रोध घरच्या घरी काढता येतो. थांबलेल्या अवस्थेत व्होल्टेज पाहा, मग चढावर ठरावीक करंट खेचला जात असताना पाहा, आणि व्होल्टेजमधील घट करंटने भागा. उदाहरणार्थ, ६४ व्होल्टचा पॅक ६० अँपियरवर ६०.४ पर्यंत उतरला तर रोध ०.०६ ओहम झाला. आता हाच पॅक अर्धा रिकामा असताना, म्हणजे ५७.६ व्होल्टवर, त्यातून १५० अँपियर खेचले तर ९ व्होल्ट तिथेच पडतील, पॅक ४८.६ वर येईल, दर सेलमागे जेमतेम ३ व्होल्ट उरतील आणि १,३५० वॅट नुसत्या पॅकच्या आत उष्णता होऊन जातील. २५० अँपियरचा कंट्रोलर लावून तितके खेचू गेलात तर व्होल्टेज ४३ च्या खाली जाईल आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारे सर्किट, पुरवठा तोडून टाकेल, तोही ऐन चढावर. त्यामुळे अशा पॅकवर बॅटरी करंटची मर्यादा १०० ते १२० अँपियरच्या आत ठेवणे मला योग्य वाटते, अर्थात सेल आणि बीएमएस दोन्ही तेवढा करंट सोसणारे असतील तरच.

बीएमएसने वाट अडवली की त्याला बाहेरून तार टाकून वळसा घालण्याचा, किंवा त्याच्या करंट मोजणाऱ्या शंटवर सोल्डरचा डाग चढवून त्याला करंट कमी भासवण्याचा उपाय काही जण सांगतात. मी हे कधीही करू देत नाही. समांतर जोडलेल्या सेलपैकी एखादा दुबळा गट ३ व्होल्टच्या खाली गेला आहे हे सांगणारे दुसरे कोणीही तिथे नसते, आणि लिथियमच्या सेलवर झालेला असा अत्याचार त्याच दिवशी दिसेल असे नाही. तो पुढच्या एखाद्या चार्जिंगच्या वेळी, घरात, रात्री दिसू शकतो.

पुढे कधी बॅटरी बदललीत तर २० सेलचा, म्हणजे ७२ व्होल्टचा पॅक घेणे सयुक्तिक आहे. तो पूर्ण चार्ज झाल्यावर ८४ व्होल्ट होतो, म्हणजे मोटरचे सर्वोच्च फेरे सुमारे २५ टक्क्यांनी वाढतात, आणि तेवढीच ताकद कमी करंटमध्ये मिळते. चार्जर, दिव्यांसाठी व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर आणि फ्यूज हे तिन्ही त्याबरोबर बदलावे लागतात. हा विचार पुढे-मागे असेल तर आताच ८४ व्होल्ट निर्धास्तपणे सोसणारा कंट्रोलर घ्या, म्हणजे तो दुसऱ्यांदा बदलावा लागणार नाही.

कंट्रोलर निवडताना अँपियरच्याही आधी एक गोष्ट तपासा : तुमच्या मोटरमध्ये रोटरची (फिरणाऱ्या भागाची) स्थिती सांगणारा सेन्सर कोणता आहे? तीन हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारे) असतील तर जवळपास कोणताही कंट्रोलर चालतो, पण साइन-कोसाइन किंवा अन्य प्रकारचा एन्कोडर असेल तर तो वाचू शकणाराच कंट्रोलर लागतो. अन्यथा मोटर जागच्या जागी थरथरते, कण्हते आणि करंट मात्र भरपूर ओढते. दुसरी गोष्ट म्हणजे कंट्रोलर एफओसी पद्धतीचा (रोटरच्या स्थितीनुसार करंट सतत जुळवून देणारा) असावा, कारण कमी वेगातील गुळगुळीत टॉर्क त्यातून मिळतो आणि सैल मुरमावर चाक घसरू न देता चढायला नेमका तोच लागतो. तिसरी गोष्ट, करंट, तापमान आणि व्होल्टेज यांची नोंद ठेवण्याची सोय त्यात असावी. मी तर नोंद न ठेवणारा ३०० अँपियरचा कंट्रोलर बाजूला ठेवून नोंद ठेवणारा २०० अँपियरचा घेईन.

फील्ड वीकनिंगविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही सोय सेटिंगमधील एका आकड्याने चालू होते आणि तिचे परिणाम फारसे सांगितले जात नाहीत. यात कंट्रोलर मोटरच्या चुंबकांना विरोध करणारा जास्तीचा करंट सोडतो, त्यामुळे व्होल्टेज न वाढवता फेरे वाढतात. समजा तुमची मोटर दर व्होल्टला ७० फेरे देते, म्हणजे ६७ व्होल्टवर मिनिटाला सुमारे ४,७०० फेरे, आणि फील्ड वीकनिंगने तुम्ही तिला ६,५०० वर नेलेत. त्या क्षणी काही बिघाडामुळे कंट्रोलर बंद पडला तर विरोध करणारा करंट नाहीसा होतो आणि मोटर स्वतः जवळजवळ ९३ व्होल्ट निर्माण करू लागते. हा प्रवाह मॉस्फेटमधील (कंट्रोलरच्या इलेक्ट्रॉनिक स्विचांमधील) डायोडांतून अनिर्बंधपणे बॅटरीकडे धावतो आणि मागच्या चाकाला अचानक ब्रेक लागतो. त्याच वेळी बीएमएसने बॅटरी तोडली तर ते सगळे व्होल्टेज कंट्रोलरच्या अंगावर येते, आणि ८० व्होल्टचे मॉस्फेट असतील तर ते तिथेच फुटतात. चढासाठी फील्ड वीकनिंगचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या गरजेला ते शून्यावरच ठेवा.

रीजनरेटिव्ह ब्रेकिंगचे, म्हणजे ब्रेक लावताना मोटरने वीज परत बॅटरीत पाठवण्याचे, दुखणेही याच जातीचे आहे. नुकतीच पूर्ण चार्ज केलेली बाईक घेऊन थेट लांब उतारावर निघालात, तर परत येणारा करंट घ्यायला बॅटरीत जागा नसते, बीएमएस वाट बंद करतो आणि व्होल्टेज उसळते. कंट्रोलरमध्ये रीजनची वरची व्होल्टेज मर्यादा पूर्ण चार्जच्या व्होल्टेजवर किंवा किंचित खाली बांधून ठेवा आणि रीजनचा करंट सुरुवातीला १०-१५ अँपियरच्या वर नेऊ नका.

जोडणीचे काम सावकाश करा. मुख्य तारांचे लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे) हायड्रॉलिक किंवा तशाच दणकट क्रिंपरने दाबलेले असावेत. पक्कडीने चेपलेला लग पहिल्या आठवड्यात चालतो आणि नंतर तापू लागतो. फ्यूज डीसीसाठीच बनवलेला आणि तुमच्या पॅकच्या पूर्ण व्होल्टेजपेक्षा वरच्या मर्यादेचा हवा. मोटारींतील नेहमीचे पात्यांचे फ्यूज बहुतांशी ३२ व्होल्टचे असतात. ७२ व्होल्टवर ते वितळले तरी आतली ठिणगी विझेलच असे नाही. मोठ्या कंट्रोलरमध्ये मोठे कपॅसिटर असतात, त्यामुळे बॅटरी थेट जोडली की कनेक्टरच्या पिनवर कडाडून ठिणगी पडते आणि पिना खडबडीत होत जातात. आधी १०० ओहमच्या रोधातून दोन-तीन सेकंद कपॅसिटर भरू देणे, किंवा तशी व्यवस्था आतच असलेला अँटीस्पार्क कनेक्टर वापरणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. कंट्रोलरची पाठ फ्रेमच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीच्या सपाट भागाला, मध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर देऊन, घट्ट बसवा. आणि तारा कनेक्टरच्या खाली एक झोका घेऊन वर येतील अशा वळवा, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी गळून जाते, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

पहिली सुरुवात मागचे चाक अधांतरी ठेवून, बॅटरी करंट २० आणि फेज करंट ६० अँपियरवर बांधून करा. कंट्रोलरला मोटर ओळखू देण्याची स्वयंचलित प्रक्रिया आधी पूर्ण होऊ द्या. त्यानंतर लगेच थ्रॉटल तपासा, आणि हे मी पोटतिडकीने सांगतो आहे. हॉल प्रकारच्या थ्रॉटलला ५ व्होल्ट मिळतात. तो सोडलेला असताना सुमारे ०.८ आणि पूर्ण पिळल्यावर सुमारे ४ व्होल्ट परत पाठवतो. त्याची ग्राउंडची तार तुटली तर परत येणारे व्होल्टेज ५ च्या जवळ जाते, आणि कंट्रोलर त्याचा अर्थ पूर्ण थ्रॉटल असा लावतो. म्हणून वरची दोषमर्यादा ४.५ व्होल्टच्या आसपास आणि खालची ०.५ च्या आसपास बांधा, आणि चाक अधांतरी असतानाच थ्रॉटलची ग्राउंड तार मुद्दाम काढून पाहा. मोटर थांबली तरच बाईक जमिनीवर उतरवा. मनगटाला दोरीने बांधायचा किल स्विचही याच वेळी तपासून घ्या.

त्यानंतर करंट दर वेळी १०-१५ टक्क्यांनी वाढवा आणि प्रत्येक फेरीनंतर नोंदी वाचा. फेरी संपताच बॅटरी बंद करून तिन्ही फेज तारांवर, लगांच्या अगदी जवळ, बोटे ठेवून पाहण्याची मला सवय आहे. तिन्ही सारख्याच कोमट असतील तर जोडणी ठीक आहे. एकच तार इतर दोघींपेक्षा गरम लागली तर तो लग सैल आहे किंवा नीट दाबलेला नाही, आणि हे कुठल्याही पडद्यावर दिसत नाही.

टॉर्क वाढला की यांत्रिक भाग एकेक करून बोलू लागतात. मोटरपासून पहिल्या टप्प्यात दातेरी पट्टा असेल तर तो उसळ्या घेताना दात सोडतो. तो आवाज एखादी काठी कुंपणावरून फरफटत नेल्यासारखा असतो आणि ऐकला की थ्रॉटल लगेच सोडावा. चेन ताणली जाते, मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) बोल्ट ढिले होतात. ब्रेक आणि सस्पेन्शन मूळच्या ताकदीसाठी बांधलेले असतात, त्यामुळे निदान मागचे-पुढचे पॅड आणि डिस्क सुधारल्याशिवाय मी फेज करंट मूळच्या दीडपटीपुढे नेत नाही. बदललेली बाईक परवानगी असलेल्या खासगी वाटांवर किंवा बंदिस्त मैदानातच चालवावी. सार्वजनिक रस्त्यासाठी तिची मूळची मान्यता, असली तरी, आता लागू नसते.

आणि खरे तर या सगळ्याच्या आधी स्प्रॉकेट बदलून पाहा. मागे ४८ दात्यांच्या जागी ५८ दात्यांचे बसवले तर चाकावरचा टॉर्क सुमारे २१ टक्के वाढतो, सर्वोच्च वेग सुमारे १७ टक्के घटतो, आणि मोटरला एक अँपियरही जास्त द्यावा लागत नाही. उलट त्याच चढावर ती अधिक फेऱ्यांनी, कमी करंटमध्ये, थंड चालते. चढ हीच तुमची तक्रार असल्यामुळे हा सौदा तुमच्या फायद्याचा आहे. चेन मात्र त्या मानाने लांब घ्यावी लागेल.

राहिला मोटरचा प्रश्न. नवा कंट्रोलर आणि मोठे स्प्रॉकेट बसवून, तुमच्या नेहमीच्या चढावर पाच-सहा फेऱ्यांच्या नोंदी घ्या. फेज करंट तुम्ही बांधलेल्या मर्यादेला टेकलेला आहे आणि मोटर तरीही १०० अंशांच्या आत आहे, तर त्याच मोटरमध्ये अजून वाव आहे. तापमान ११० ला पोचून कंट्रोलर दर फेरीत हात आखडता घेत असेल, तर मोठी मोटर घेण्याची वेळ आली असे समजा. ती घेताना वॅटच्या जाहिराती किंवा दर व्होल्टचे फेरे पाहून भुलू नका. जास्त वेटोळ्यांच्या मोटरला तोच टॉर्क कमी अँपियरमध्ये देता येतो, पण तांब्याचे प्रमाण तेवढेच असेल तर उष्णताही तेवढीच होते. फरक पडतो तो तांब्याच्या आणि लोखंडाच्या प्रत्यक्ष वजनाने, म्हणजेच स्टेटरचा (मोटरच्या स्थिर भागाचा) व्यास आणि चुंबकांची लांबी यांनी. त्याच व्यासाच्या दोन मोटरांपैकी ७० मिलिमीटर चुंबकांचीपेक्षा ९० मिलिमीटरची अधिक काळ टिकून ओढते, आणि तितकीच जड व रुंदही असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी फ्रेममधील मोकळी रुंदी, मोटर धरणाऱ्या बोल्टांमधील अंतर आणि शाफ्टवरील स्प्रॉकेटपासून मागच्या स्प्रॉकेटपर्यंतची चेनची सरळ रेषा स्टीलच्या पट्टीने मोजून घ्या. ही रेषा दोन-तीन मिलिमीटर जरी तिरकी राहिली तरी वाढलेल्या टॉर्कमध्ये चेन थोड्याच दिवसांत स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाऊ लागते.